गोव्यात घर विकायला एक सही का पुरत नाही?

पुण्यातला फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि पैसेही त्यानेच भरले असतील, तर तो विकताना बायकोची सही कायद्याने लागत नाही. आता जोडपं मडगावचं आहे असं समजा. दस्त एकाच्याच नावावर असला तरी विक्रीखतावर सह्या दोघांच्या हव्यात.

याचं मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ती 1870 मध्ये गोव्यात लागू झाली आणि गोवा भारतात आल्यावरही 1962 च्या कायद्याने चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते. आधीची, नंतर कमावलेली, अगदी आईवडिलांकडून आलेलीसुद्धा. त्यात प्रत्येकाचा वाटा निम्मा. शेजारच्या ब्रिटिश मुलखात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला 1874 मध्ये. त्याने बाईची कमाई तिची मानली खरी, पण हिंदू आणि मुसलमान बायकांना त्यातून वगळलं होतं!

म्हणून गोव्याचं कौतुक होतं. मला ते अर्धंच पटतं. कारण याच संहितेने मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. बायकोकडे उरला तो विक्रीला नकार द्यायचा हक्क. पण नकार द्यायला व्यवहार काय चाललाय हे आधी कळायला हवं ना? तिला थेट सहीपुरतंच बोलावलं, तर त्या हक्काचं ती काय करणार?

विधवेच्या बाबतीत मात्र हा कायदा खरोखर भक्कम आहे. नवरा गेल्यावर तिचा निम्मा वाटा वारशात जातच नाही, तो आधीपासून तिचाच असतो. पोरांना आईला बाजूला सारून घर विकता येत नाही.

याची एक किंमतही आहे, आणि ती साध्या गुणाकाराने कळते. चार मुलं, प्रत्येकाला तीन, म्हणजे बारा नातवंडं. आधीच्या दोन्ही पिढ्या गेल्या आणि नातवंडांची लग्नं झाली, की सह्या चोवीस. त्यातले काही लिस्बनला, काही आखातात. गोव्यात कुलूप घातलेली, कौलं ढासळलेली जुनी घरं दिसतात, त्यांतल्या कित्येकांमागे हाच हिशेब असतो.

आणि हे गोव्यापुरतंच आहे असंही नाही. एका गोवेकर कुटुंबाच्या मुंबईतल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2019 मध्ये निकाल लागला की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या राज्याबाहेरच्या घरालाही वारसाहक्काचे गोव्याचेच नियम लागू होतात. त्यामुळे विकणारा मूळचा कुठला, हे गिरगावात घर घेणाऱ्यालाही विचारून ठेवावं लागतं.