सूचीत उगवलेला तालुका

गेल्या पावसाळ्यात माझ्या ग्रामनामसूचीत एक तालुका उगवला. 1910 च्या सुमाराच्या नोंदींत, तालुक्याच्या रकान्यात, बारा-तेरा ठिकाणी 'लोणार' असे छापून आले. त्या काळी बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मलकापूर, मेहकर, खामगाव आणि जळगाव असे पाचच तालुके होते. लोणार हे मेहकर तालुक्यातले गाव. सरोवरामुळे दूरवर ठाऊक असलेले, पण तालुका झाले ते पुष्कळ नंतर. मी मूळ कार्डे काढून पाहिली. त्यांवर माझ्याच अक्षरात स्वच्छ 'मेहकर' लिहिलेले होते. म्हणजे चूक कागदात नव्हती, वाचण्यात नव्हती आणि लिहिण्यातही नव्हती. कार्ड आणि सूची यांच्या मध्ये कुठेतरी मेहकरचे लोणार झाले होते.

मध्ये होता तो माझाच संगणकीय कार्यक्रम. त्या चुकीचा माग काढता काढता मी गावांच्या इतिहासातून संगणकभाषांच्या इतिहासात शिरलो. जुन्या कागदांवर काम करणारे बरेच जण आता आपापल्या सूच्या संगणकावर चढवत आहेत, म्हणून तो माग इथे मांडतो.

आधी सूचीविषयी. खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके 1905 च्या फेररचनेत अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आले. त्यामुळे एकच गाव जुन्या कागदांत कधी अकोल्याकडे सापडते, कधी बुलढाण्याकडे. शिवाय इंग्रजी कागदांत 'ढ' आणि 'ण' यांची नीट सोय नाही. एका गावाची चार रूपे एकत्र बांधायची, तर यादीच्या पोटात यादी ठेवता येणारी भाषा सोयीची पडते. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. हॅरल्ड एबलसन आणि जेराल्ड ससमन यांनी ज्युली ससमन यांच्या साहाय्याने लिहिलेले 1985 चे पाठ्यपुस्तक आता सर्वांना मोफत वाचायला मिळते. ते पुरवून पुरवून वाचत मी 'स्कीम' ही भाषा शिकलो.

स्कीमचे मूळ लिस्पमध्ये. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत लिस्पची जुळणी सुरू केली. लिस्पचे एक वैशिष्ट्य आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने मेमरीतली जागा कधी मागायची, कधी परत करायची, याची चिंता करायची नाही. वापरात नसलेली जागा भाषा स्वतःच गोळा करते. 1975 मध्ये तिथेच ससमन आणि गाय स्टील यांनी लिस्पचे आटोपशीर रूप घडवले. त्याचे नाव ठेवले होते 'स्कीमर'. पण तिथल्या संगणकावर फाइलच्या नावाला इंग्रजी सहाच अक्षरे चालत. शेवटचे अक्षर गळाले आणि 'स्कीम' उरले. लांबीच्या मर्यादेने नाव कापले जाणे या भाषेच्या जन्मापासूनच तिच्या वाट्याला आले आहे.

दुसरी भाषा 'सी'. ती बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. तिचा स्वभाव अगदी उलटा. सी मेमरीकडे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची लांबच लांब रांग म्हणून पाहते. कप्प्याचा क्रमांक, म्हणजे पॉइंटर, हाती दिला की तिथे जे असेल ते ती वाचते. ते कोणाचे, अजून तिथेच आहे की हलले, हे ती विचारत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची.

या दोघींची गाठ का पडली? स्कीममधला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी नव्याने लिहावा लागे. स्टील यांचा 'रॅबिट' हा 1978 चा कंपायलर या शास्त्रातला मैलाचा दगड. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, 1989 मध्ये, डीईसी कंपनीच्या प्रयोगशाळेतले जोएल बार्टलेट यांनी स्कीमचे थेट सी मध्ये रूपांतर करणारा कंपायलर मांडला. सी चा कंपायलर जवळपास प्रत्येक यंत्रावर असतोच. मग पुढचे काम त्याच्यावर सोपवावे, हा त्यामागचा विचार. हेन्री बेकर यांनी 1990 च्या दशकात या रूपांतराची एक निराळी युक्ती सुचवली आणि फेलिक्स विंकेलमन यांनी 2000 मध्ये तिच्यावर 'चिकन' हा कंपायलर उभारला. माझा कंपायलरही याच कुळातला.

या वाटेने गेलेला स्कीमचा कार्यक्रम अखेर बहुधा जीसीसी या सी च्या कंपायलरच्या हाती पडतो. इथे आपल्याकडची एक परंपरा सांगितली पाहिजे. पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे आणि त्यांच्यानंतर उदय खेडकर यांनी कंपायलरच्या विश्लेषणावर दीर्घकाळ काम केले. जीसीसीच्या अभ्यासाचे केंद्रही तिथे उभे राहिले. खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा 2007 चा एक शोधनिबंध नेमका माझ्या अडचणीच्या शेजारच्या प्रश्नावर आहे. मेमरीत पडून असलेली कोणती वस्तू कार्यक्रमाला पुढे खरोखर लागणार आहे, हे तो आधीच कसे ओळखता येईल ते तपासतो.

आता माझ्या चुकांकडे येतो. सूची साठवण्यासाठी मी रिचर्ड हिप यांनी 2000 मध्ये तयार केलेली एसक्यूलाइट ही लायब्ररी वापरतो. ती सी मध्ये आहे. स्कीममधून तिला हाक मारण्यासाठी मध्ये एक जोड लिहावा लागतो: नाव कुठे आहे, किती लांब आहे आणि ते कोणी सांभाळायचे, इतक्या तीन गोष्टी पलीकडे सांगायच्या. त्यांतल्या दोन मी चुकीच्या सांगितल्या होत्या.

पहिली चूक लांबीची. ती लगेच सापडली होती, कारण ती डोळ्यांना दिसत होती. 'बुलढाणा' साठवले की परत येताना 'बु' आणि पुढे एक रिकामी चौकट येई. आपण हा शब्द चार अक्षरांचा मानतो. युनिकोडमध्ये व्यंजन आणि काना-उकार वेगळे मोजतात, म्हणून तिथे तो सात चिन्हांचा. प्रत्यक्ष साठवण होते यूटीएफ-8 या पद्धतीने. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये आखलेल्या या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एकवीस. स्कीमने लांबी सांगितली सात, ती चिन्हांची. लायब्ररीने सातच बाइट उचलले. सहा बाइटांत 'बु' झाला आणि सातवा बाइट 'ल'चा पहिला तुकडा. इंग्रजी नावांवर ही चूक कधीच उघडी पडली नसती. साध्या रोमन अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे तिथे तिन्ही मोजण्या एकच उत्तर देतात.

दुसरी चूक सांभाळण्याची, आणि तीच घातक. लायब्ररी विचारते: मी या मजकुराची स्वतःची प्रत करून घेऊ, की माझे काम होईपर्यंत तो जागचा हलणार नाही अशी हमी देता? वेळ वाचेल म्हणून मी हमी दिली होती. पण माझ्या कंपायलरची मेमरी झाडण्याची रीत सी. जे. चेनी यांनी 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीची आहे. तीत कचरा वेचून बाहेर टाकत नाहीत. कामाच्या वस्तू उचलून दुसऱ्या जागी नेतात आणि जुनी जागा सगळीच मोकळी धरतात. म्हणजे मी हमी दिली ती न हलण्याची, आणि मजकूर तर हलणारच होता. तो हलला की लायब्ररीच्या हाती जुना कप्पा राही आणि त्यात तोवर दुसरेच नाव येऊन बसलेले असे.

'मेहकर' पाच चिन्हांचा, पंधरा बाइट. 'लोणार'ही पाच चिन्हांचा, पंधरा बाइट. एकाच्या मापात दुसरे तंतोतंत बसले. ना चौकट, ना तुटके अक्षर, ना इशारा.

थोड्या नोंदींवर चाचणी घेतली की सारे ठीक. पूर्ण सूची चढवली की घोळ. मेमरी भरल्याशिवाय ती झाडली जात नाही, हे त्याचे कारण. शेवटी प्रत्येक नोंदीनंतर मुद्दाम झाडणी करायला लावली, तेव्हा अधूनमधून होणारी चूक पहिल्या पाच-सहा नोंदींतच दिसू लागली. मग हमीचा एक शब्द बदलून 'प्रत करून घ्या' असे सांगितले. दुरुस्ती एका ओळीची होती. तिला सात आठवडे लागले.

वऱ्हाडच्या माणसाला हा घोटाळा परका वाटू नये. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, मालकी निजामाची राहिली. 1902 मध्ये सालाना 25 लाखांवर कायमचा पट्टा झाला, तरी नावापुरती मालकी हैदराबादचीच. मालक कोण आणि सांभाळणारा कोण, हा प्रश्न आमच्या मुलखाने शतकभर अनुभवला. दोन कारभारांच्या सीमेवर करारातला एकेक शब्द पाहावा लागतो. दोन भाषांच्या सीमेवरही तेच.

पण माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. ही चूक संगणकाने दाखवली नाही. 1910 मध्ये लोणार तालुका नव्हता, एवढ्या माहितीने ती दाखवली. मेहकरच्या जागी पंधरा बाइटांचेच 'चिखली' येऊन बसले असते, तर ते मला खटकले असते का? चिखली तालुका तर होताच. बहुधा नसते. आणि माझी सूची कोणी पुढे वापरली असती, तर ती गावे चिखली तालुक्यात होती हे छापील सत्य झाले असते.

म्हणून सध्या नवे काम थांबवले आहे. दुरुस्तीनंतर सगळी सूची कोऱ्या पाटीवर नव्याने चढवली आणि आता एकेक नोंद कार्डाशी ताडून पाहतो आहे. मलकापूर आणि जळगाव झाले. खामगाव अर्धे झाले. काही कार्डांमागचे मूळ कागद मला पुन्हा पाहायला मिळणार नाहीत. ज्या घरी ते पाहिले, तिथे आता ते नाहीत. संगणकावर सूची नीट चढली की जोड्याच्या खोक्यांतली ही कार्डे काढून टाकायची, असे ठरवले होते. तो विचार सोडून दिला. खोकी माळ्यावरून खाली आणली आहेत.