कुटुंब, कुणबी आणि चूल

जुन्या वळणाचा मराठी माणूस ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणाला, तर माहेरी फक्त त्याची बायको गेलेली असे. बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हणून हा शब्द वापरात आला, हे तर आहेच. पण जिच्या कष्टावर घर उभं, तिला घराचंच नाव दिलं गेलं आणि तिचं स्वतःचं नाव मागे पडलं, हेही त्यात आलं.

शब्द फार जुना. छांदोग्य उपनिषदात तो आहे. त्याचं मूळ द्राविडी असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे. तमिळमध्ये ‘कुडि’ म्हणजे घर, कुळ. संस्कृतात कुटुंब असलेला तो ‘कुटुंबिन्’, म्हणजे गृहस्थ. प्राकृतात त्याचं ‘कुडुंबि’ झालं आणि मराठीत आपला ‘कुणबी’. मला या शब्दाच्या प्रवासात हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. गृहस्थ आणि शेतकरी यांना एकच शब्द पुरला, कारण पेरणी, खुरपणी, मळणी ही कामं घरातल्या सगळ्या हातांनी मिळून व्हायची. कुटुंब ही उत्पादनाची व्यवस्था होती, असं समाजशास्त्र सांगतं. कुणब्याच्या नावातच ते आहे. खेड्यात मोठ्या घराला ‘खटल्याचं घर’ म्हणतात, तेही इतक्या माणसांचा आणि कामांचा पसारा मनात धरूनच.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या केली. एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि आपसातलं नातं, अशा त्याच्या खुणा. जनगणनाही यांतली चूलच धरते. एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं जेवणारे ते एक कुटुंब, अशी तिची मोजणी. चूल मोजायला सोपी आहे, पण तेवढ्यावरून घरं मोडली असा निष्कर्ष काढला की चूक होते. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा या लहान शहराचा अभ्यास करून १९६४च्या पुस्तकात हेच दाखवलं. वेगळी राहणारी घरंसुद्धा मालमत्तेने, पैशाच्या मदतीने, एकमेकांच्या जबाबदाऱ्यांनी बांधलेली असतात.

आपल्या बोलीला हा फरक ठाऊक होता. ‘त्यांनी चूल वेगळी केली’ म्हणताना भाऊ तुटले असं कुणी समजत नाही. कुलदैवत एकच राहतं, सुतकही दोन्ही घरांना लागतं. जमिनीचा तुकडा पडला की ती ‘वाटणी’, आणि त्यावरून वैर धरलं की ती ‘भाऊबंदकी’. वेगळं होण्याच्या या तीन पायऱ्या, आणि तिन्हींना तीन शब्द.

पुढे सरकारी मोहिमेने ‘कुटुंब’ या शब्दाला नवं माप दिलं. त्याआधी समाजसुधारक र. धों. कर्वे १९२१पासून ‘संततिनियमन’ म्हणत होते. १९५२च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर ‘कुटुंबनियोजन’ रूढ झालं, आणि भिंतीवरच्या चित्रात आई, वडील व दोन मुलं एवढंच कुटुंब उरलं. आजीला त्या चित्रात जागा नव्हती.

शाळेच्या पुस्तकांतून आपण ‘विभक्त कुटुंब’ शिकलो. मुंबईतून गावी आईवडिलांना दरमहा पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या घराला तो शब्द लावणं अन्यायाचं आहे. त्यापेक्षा ‘वेगळी चूल’ म्हणा, आणि मुलांच्या पुस्तकातही तसंच लिहा.