निजामशाही : तोफखाना व दख्खनी संघ

अहमदनगर येथे 1490 मध्ये स्थापन झालेले निजामशाही राज्य विस्ताराने विजयनगरहून पुष्कळ लहान. परंतु तोफखान्याच्या बाबतीत त्याने जी दूरदृष्टी दाखविली, तिची योग्य दखल इतिहासकारांनी क्वचितच घेतली आहे. पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाच्या अमदानीत महंमद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने 1549 मध्ये अहमदनगरातच ‘मलिक-ए-मैदान’ ही काशाची तोफ ओतली. तिच्या मुखाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाची आकृती असून वजन सुमारे 55 टन भरते.

विजयनगरच्या रामरायाने विजापूर व गोवळकोंडा यांच्या साह्याने अहमदनगरास वेढा घालून मानहानीचा तह लादल्यानंतर हुसेन निजामशाहाने 1559 पासून भुईकोट किल्ल्याची दगडी उभारणी आरंभिली आणि कालच्या वैऱ्यांशीच सोयरीक जोडली. कन्या चांदबिबी अली आदिलशाहास देऊन सोलापूरचा किल्ला त्याने आंदण दिला. सोलापूरसाठी पूर्वी सांडलेले रक्त पाहता हा त्याग थोर म्हणावा लागेल. विजयनगरविरुद्धच्या या दख्खनी संघास बीदरही मिळाले. 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या लढाईत हुसेन मध्यभागी होता. इतिहासकार फिरिश्त्याच्या कथनानुसार निजामशाही तोफखान्याचा प्रमुख रूमीखान याने तोफांत तांब्याची नाणी ठासून ऐन माऱ्याच्या टप्प्यात आलेल्या शत्रूवर सरबत्ती केली.

विजयनगरचा पराभव होऊन समान शत्रू नाहीसा होताच संघ विसकटला, आणि त्याच वर्षी हुसेनही निवर्तला. परांड्यास नेलेली ‘मलिक-ए-मैदान’ 1632 मध्ये विजापूरकरांनी हस्तगत केली.