तड्याचा ‘श्वास’ कसा मोजतात?

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता मोडला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. प्रसिद्ध दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हिल यांचाही पत्नी व मुलासह त्यात अंत झाला. एरवी भार सहज पेलणारा आस असा अचानक का मोडावा, याचा उलगडा पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांच्या प्रयोगांतून झाला. फिरणाऱ्या धातूवर पुन:पुन्हा उलटसुलट बल पडले की तो ‘थकतो’, बारीक तडा जातो आणि तो गुपचूप वाढत राहतो.

दोन बेअरिंगांवर टेकलेला आडवा शाफ्ट स्वत:च्या वजनाने मधोमध किंचित खाली वाकलेला असतो. त्यामुळे त्याच्या वरच्या अंगावर दाब, तर खालच्या अंगावर ताण असतो. शाफ्टला तडा गेलेला असेल, तर तो वर आला की मिटतो आणि खाली गेला की उघडतो. अभियंते याला ‘ब्रीदिंग क्रॅक’, म्हणजे श्वास घेणारा तडा म्हणतात. नाव चपखल आहे, फक्त हा श्वास फार वेगवान असतो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाईनमध्ये ही उघडझाप सेकंदाला ५० वेळा, म्हणजे दिवसाला ४३ लाख २० हजार वेळा होते!

यातली खरी अडचण मिटलेल्या तड्याची आहे. तो दाब पलीकडे पोचवतो, त्यामुळे शाफ्ट जणू अखंडच आहे असे भासते. थांबलेल्या यंत्राची श्राव्यातीत ध्वनीने तपासणी करतानाही घट्ट मिटलेल्या कडांतून ध्वनी आरपार जातो, प्रतिध्वनी क्षीण येतो आणि तडा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. बरे, ताण आला की तडा उघडलाच, असेही नाही. तडा पुढे सरकताना त्याच्या मागे कायमचा ताणला गेलेला धातू उरतो व तो कडांमध्ये अडतो, हे वुल्फ एल्बर यांनी १९७० च्या सुमारास दाखवले. म्हणूनच उघडण्याचा क्षण गृहीत धरता येत नाही, मोजावा लागतो.

प्रयोगशाळेत त्यासाठी तड्याच्या काठाला स्ट्रेन गेज चिकटवतात आणि शाफ्टवर भार देऊन तो फिरवतात. गेजचे संकेत स्लिप रिंगमधून किंवा बिनतारी पद्धतीने बाहेर आणले जातात. तडा मिटलेला असताना गेज दाब दाखवतो. उघडला की काठाचा धातू सुटा होतो आणि आलेख जवळपास सपाट होतो. हा सपाट भाग फेऱ्याच्या कोणत्या कोनात सुरू होतो आणि कुठे संपतो, यावरून उघडझाप कळते. ती दार उघडावे तशी एकदम होत नाही, क्रमाक्रमाने होते.

चालत्या टर्बाईनमध्ये तड्याजवळ पोचणे अशक्यच. तेथे बेअरिंगपाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन संवेदक, शाफ्टला स्पर्श न करता, त्याचे हालणे टिपतात. तडा उघडला की त्या बाजूने शाफ्ट लवचीक होतो. परिणामी फेऱ्यागणिक एकदा होणाऱ्या कंपनांबरोबर दुप्पट वारंवारतेची कंपनेही उमटतात. टर्बाईन बंद करताना ती विशेष स्पष्ट होतात. शाफ्टचा क्रांतिक वेग मिनिटाला १८०० फेरे असेल, तर वेग ९०० वर उतरताच दुप्पट कंपनांचे अनुनादन होते व आलेखावर वेगळे शिखर दिसते.

मात्र जोडलेल्या दोन शाफ्टांची सरळ रेषा चुकली तरी दुप्पट कंपने येतातच. म्हणून एका नोंदीवरून निदान करणे धोक्याचे. आठवडे आणि महिने शिखर वाढते आहे का, कंपनांची कला बदलते आहे का, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. लहान तडे तर या कंपनांत जवळजवळ उमटतच नाहीत. त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी यंत्र थांबवावे लागते, आणि शक्य असेल तर संशयित भाग खालच्या अंगाला, म्हणजे ताणाखाली, आणून तपासणे इष्ट ठरते.