ललिताबाईंचा डोळा

गेल्या वर्षी आपल्या उत्सवातील वेशभूषा स्पर्धेत चौथीतील एक मुलगी 'मंथरा' होऊन आली होती. पाठीला उशी बांधलेली, हातात काठी आणि डावा डोळा बारीक केलेला. रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेतील ललिता पवारांची ती हुबेहूब नक्कल पाहून सगळ्यांची हसता हसता पुरेवाट झाली. मीही हसलो. घरी परतताना सौ. म्हणाली, "अहो, तो डोळा त्यांनी मुद्दाम तसा केलेला नव्हता. मार लागून तसा झाला होता." मला हे माहीत नव्हते. मग मिळेल ते वाचत गेलो.

ललिताबाई येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६, माहेरचे नाव अंबिका सगुण. मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून आल्या, पुढे नायिका झाल्या. 'कैलास' (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती थप्पड खरीच जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याला अर्धांगवायू झाला.

काही ठिकाणी 'नट नवखा होता, अंदाज चुकला' असे लिहिलेले आढळते. हे मला पटत नाही. भगवानदादा तोपर्यंत दिग्दर्शकही झाले होते. आपल्याला विशेष वाटावे असे, की एम. के. राधा यांची भूमिका असलेला 'वनमोहिनी' (१९४१) हा तमिळ चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला होता! हेच राधा पुढे जेमिनीच्या 'चंद्रलेखा'त चमकले. तेव्हा नवखेपणा नव्हे, तर प्रसंग खरा वाटावा या भरात हात सुटला असावा, असे आपले मला वाटते.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाखालून बाहेर पडून गालावर पसरते. तिला इजा झाली की पापणी पूर्ण मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो, घास चावताना त्रास होतो. इतरांच्या बाबतीत हे घरात झाकता येते. नटीच्या बाबतीत कॅमेरा नेमका तिथेच येऊन थांबतो.

उपचारांत तीन वर्षे गेली असे सर्वत्र लिहितात. इथे मी जरा थबकलो. प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ सालचा, आणि त्यात नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या कथेतील आनंदीबाई ललिताबाईंनीच रंगवली आहे. म्हणजे तीन वर्षांचा हिशेब खरा धरला, तर उपचार चालू असतानाच त्या पुन्हा दिव्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी लाइनवर काम करताना मी खडीवरून घसरलो आणि गुडघा दुखावला. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली, सहा आठवडे घरी बसलो, पगार चालू राहिला. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे, पण चित्रपट कामगारांच्या नोकरीविषयी स्वतंत्र कायदा व्हायला १९८१ साल उजाडले. १९४२ च्या नटीने घरी बसायचे ठरवले असते, तर तिची जागा दुसरीने घेतली असती, इतकेच.

नायिकेची कामे संपली. त्या डोळ्यासह त्यांनी चरित्र भूमिका सुरू केल्या. 'दहेज' (१९५०) मधली सासू पाहून बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत असतील. 'श्री ४२०' (१९५५) मधली केळेवाली आणि 'अनाडी' (१९५९) मधली मिसेस डिसा पाहताना मात्र तोच डोळा मायाळू वाटतो. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर मिळाले, १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही.

त्याच १९६१ साली आपल्या मद्रासच्या जेमिनीचा, एस. एस. वासन यांचा 'घराना' हा हिंदी चित्रपट आला. साऱ्या घराला धाकात ठेवणारी त्यातली सासू ललिताबाईच. जेमिनी स्टुडिओ केव्हाच गेला, तिथे आता हॉटेल आहे. पण १९७३ सालच्या उड्डाणपुलाला, अण्णांचे नाव असूनही, आपण सगळे अजून 'जेमिनी फ्लायओव्हर'च म्हणतो. त्या पुलावरून मी किती वेळा गेलो असेन, पण येवल्याच्या बाईंचा या जागेशी संबंध आहे हे कधी मनातही आले नव्हते.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्यांचे निधन झाले.

यंदाच्या स्पर्धेत त्याच मुलीचे नाव आहे. परवा तिच्या आईने विचारले, "भाऊजी, या वेळी काय करू हिला?" मी 'रामशास्त्री'तील आनंदीबाई सुचवली आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून.