दुसऱ्यांच्या रुळांवरची वाघीण

अमेरिकेतल्या मालगाडीची बंद वाघीण, म्हणजे बॉक्सकार, आपल्या कंपनीच्या रुळांवर फार काळ टिकत नसे. मेन राज्यातला बटाटा दक्षिणेकडे निघाला की वाटेत माल न उतरवता तीच वाघीण पुढच्या कंपनीच्या इंजिनाला जोडली जाई. परकी वाघीण जितके दिवस आपल्याकडे, तितक्या दिवसांचे भाडे मालक कंपनीला मोजायचे. त्यामुळे चिमुकल्या रेल्वेचे नावही खंडभर फिरून येई. छंदी लोक आज खेळण्यातल्या ज्या डब्यांच्या मागे लागतात, त्यांचे मूळ मला या भटकंतीत दिसते.

सुरुवातीला नावाखेरीज मिरवण्यासारखे फारसे काही नव्हते. लोहभस्माचा तांबडा रंग स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून बहुतेक वाघिणी त्याच रंगाच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कंपन्यांना उमगले, की ही तर फिरती जाहिरात! बँगोर अँड अरुस्तुक रेल्वेने लाल, पांढरा आणि निळा असे तीन आडवे पट्टे ओढून त्यांवर ‘स्टेट ऑफ मेन प्रॉडक्ट्स’ अशी अक्षरे रंगवली. इतकी देखणी वाघीण क्वचितच झाली असेल.

खेळण्यांच्या कारखान्याला असे रंग हवेच होते. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी 1900 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या लायोनेल कंपनीने 1953 मध्ये 6464 क्रमांकाची मालिका काढली. पहिल्या चार डब्यांवर वेस्टर्न पॅसिफिक, ग्रेट नॉर्दर्न, मिनियापोलिस अँड सेंट लुइस आणि रॉक आयलंड ही नावे होती. मेनची तिरंगी वाघीण 1955 मध्ये आली. डबे मापाने किंचित आखूड होते, पण रंग आणि बोधचिन्हे खऱ्या रेल्वेची. संग्राहक आजही त्यांच्या दारांचा रंग, प्लॅस्टिकची छटा आणि छपाई बारकाईने ताडून पाहतात. त्याच डब्याची वेगळी आवृत्ती यातूनच ओळखू येते.

त्याच 1955 साली हिरव्या-पिवळ्या रंगांत रटलंडचा डबाही आला. ही व्हरमाँटची छोटी रेल्वे. शहरांना दूध पुरवण्यात तिची हयात गेली. 1961 च्या संपानंतर तिच्या गाड्या पुन्हा धावल्याच नाहीत. मुलांच्या खोल्यांतले तिचे डबे मात्र फिरतच होते. पुढे मार्गाचा काही भाग व्हरमाँट राज्याने विकत घेतला आणि 1964 पासून तिथे व्हरमाँट रेल्वेच्या मालगाड्या धावू लागल्या.