बाणांचं घर : कोरियाचा झाकणवाला भाता



२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीची पाच सुवर्णपदकं होती आणि पाचही दक्षिण कोरियाने नेली. कोरियाच्या महिला संघाने तर १९८८ पासून एकदाही सांघिक सुवर्ण सोडलेलं नाही, सलग दहा वेळा! ते सामने घरी बघताना मुलांनी तुम्हाला विचारलं असेल, हे लोक एवढे कसे काय जिंकतात? उत्तर देणारी बरीच मंडळी लगेच हजारो वर्षांच्या परंपरेकडे जातात. मला ते उत्तर थोडं आळशी वाटतं. ऑलिंपिकचं धनुष्य, त्याची नेम धरायची सोय, कमरेला लटकणारा तो उघडा प्लॅस्टिकचा भाता, हे सगळं पाश्चात्त्य वळणाचं आहे. कोरियाची स्वतःची तिरंदाजी वेगळी, तिचं नाव 'गुकगुंग'. तिचं लक्ष्य १४५ मीटरवर असतं. ऑलिंपिकमध्ये ७० मीटर, म्हणजे याच्या निम्म्याहूनही कमी.

आज त्या जुन्या तिरंदाजीतल्या धनुष्याबद्दल नाही, बाणाबद्दलही नाही, तर बाण ज्यात ठेवतात त्या वस्तूबद्दल बोलायचं आहे. म्हणजे भात्याबद्दल.

आपल्याकडे भाता म्हटलं की अर्जुन आठवतो, कधीही न संपणारे त्याचे दोन अक्षय भाते, आणि रामाच्या खांद्यामागून डोकावणारी बाणांची पिसं. चित्रात, मालिकांत, कॅलेंडरवर भाता कायम उघडा असतो. लढणाऱ्या माणसाला तो तसाच लागतो, हात मागे नेला की बाण हातात यायला हवा. कोरियातला सर्वांत देखणा भाता मात्र बंद असतो. लांब नळकांडं, वर बिजागरीचं झाकण, पितळी किंवा लोखंडी कडी, काहींना चक्क कुलूप. लढाईच्या मध्यात कुलूप कोण उघडत बसणार? मग हा भाता बनवला कशासाठी?

याचं उत्तर पावसात आहे.

कोरियातही पावसाळा असतो. साधारण जूनच्या अखेरीपासून महिनाभर धो धो पडतो, त्याला 'जांगमा' म्हणतात. आणि कोरियन धनुष्य-बाण ही पावसाला घाबरणारी चीज आहे. त्यांचं शिंगाचं धनुष्य, 'गाकगुंग', हे बांबू, लाकूड, जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि म्हशीचं शिंग असे थर एकमेकांना चिकटवून करतात. (आपल्या गोठ्यातल्या म्हशीसारखीच पाण्यातली म्हैस बरं का, कोरियात ती नव्हतीच, शिंगं बाहेरून आणावी लागत.) हे थर चिकटतात ते माशाच्या फुग्यापासून केलेल्या सरसाने. बाणाचंही तेच. बांबूची काडी, तिच्या मागच्या टोकाला तीतर जातीच्या पक्ष्याची, म्हणजे फेझंटची, तीन पिसं, आणि दोरी अडकवायच्या खाचेजवळ पीचच्या झाडाची साल गुंडाळलेली. या जोडणीतही सरसाचं काम मोठं आणि सरस पाण्यात विरघळतो. दमट हवेत बांबूची काडी वाकते, पीस ढिलं होतं, आणि १४५ मीटरवर जाईपर्यंत बाण भलतीकडेच पोचतो.

या सरसाचा एक मोठा किस्सा इतिहासात नोंदलेला आहे. १३८८ साली कोर्यो राज्याच्या दरबाराने ठरवलं की चीनच्या मिंग साम्राज्याच्या ताब्यातल्या ल्याओदोंगवर चढाई करायची. सेनापतींपैकी एक होता यी सॉंग-ग्ये, स्वतः नामांकित तिरंदाज. त्याने या मोहिमेला चार हरकती घेतल्या. लहान राज्याने मोठ्यावर चालून जाऊ नये, उन्हाळ्यात फौज उभी करू नये, फौज उत्तरेकडे गेली की दक्षिणेला जपानी चाचे मोकाट सुटतील, आणि चौथी हरकत अशी की पावसाळा आहे, धनुष्यांचा सरस सुटेल आणि सैन्यात रोगराई पसरेल. त्याचं कुणी ऐकलं नाही. यालू नदीतल्या विह्वादो बेटापर्यंत जाऊन, पुराने अडलेल्या फौजेला घेऊन तो माघारी वळला, पण राजधानीत परतला तो सत्ता हातात घ्यायलाच. चार वर्षांनी, १३९२ मध्ये, तो जोसॉन घराण्याचा पहिला राजा झाला. हे घराणं पुढे पाचशेहून जास्त वर्षं टिकलं. राज्य उलटलं त्याची कारणं अर्थातच राजकीय होती, नुसत्या सरसाने सिंहासनं हलत नाहीत. पण भर दरबारात सेनापती सरसाचं कारण देतो आणि ते इतिहासात लिहिलं जातं, यावरून ती भीती किती खरी होती ते कळतं.

म्हणून कोरियात दोन तऱ्हेचे भाते झाले. एक 'तोंगे', घोडेस्वाराचा. चामड्याचा, वरून उघडा, जोडीला धनुष्याची तशीच चामडी पिशवी. अंगावर बांधायचा, घोडा पळत असताना बाण झटकन निघाला पाहिजे. दुसरा 'जॉनथोंग', म्हणजे बाणांची नळी, झाकणवाली. साठवणीचा, प्रवासाचा, खांद्याला अडकवून तिरंदाजीच्या मैदानावर जायचा. गंमत म्हणजे कोरियन भाषेत 'परंपरा' हा शब्दही अगदी असाच लिहितात आणि असाच उच्चारतात. मूळ चिनी अक्षरं मात्र वेगळी आहेत.

उघडे भाते फार जुने. सिल्ला आणि गाया या प्राचीन राज्यांच्या थडग्यांत भात्यांचे सोन्याचा मुलामा दिलेले कांस्याचे पत्रे सापडतात. चामडं, कापड, लाकूड केव्हाच मातीला मिळालं आणि राहिले ते नुसते दागिने. त्यांच्या जागेवरून आणि आकारावरून संशोधकांना मूळ भाता कसा होता ते जुळवावं लागतं.

आता झाकणवाला भाता बनतो कसा ते ऐका, मला यातला सर्वांत रस याच भागात आहे.

साधा आणि सर्वांत प्रसिद्ध प्रकार बांबूचा. जाड, सरळ, चांगला पोसलेला बांबू घ्यायचा, तोही थंडीत तोडलेला. आपल्याकडे कोकणातही बांबू पावसाळा सरल्यावरच तोडतात, कारण तेच: तेव्हा आतला रस कमी असतो आणि कीड कमी लागते. मग धग देऊन त्यातला तेलकटपणा काढायचा आणि सावलीत वाळत ठेवायचा. दिवस नाही, महिने नाही, वर्षं. घाई केली की बांबू पुढे कधीतरी तडकतो, आणि तोही कोरीवकाम पूर्ण झाल्यावर! वाळलेल्या बांबूच्या गाठींमधले आतले पडदे फोडून पोकळ नळी करतात, तळ बंद ठेवतात, वरचा तुकडा कापून त्याचंच झाकण करतात. मग बाहेरची साल कोरायला घेतात. बांबूची साल गुळगुळीत आणि चिवट, तंतू उभे. सुरी जरा घसरली की तंतूबरोबर सरळ खाली पळते. गोल पृष्ठभागावर चित्र सलग फिरत गेलं पाहिजे, म्हणजे नळी हातात फिरवली तर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळू नये.

काय कोरतात? दीर्घायुष्याची दहा चिन्हं: सूर्य, डोंगर, पाणी, खडक, ढग, पाइन वृक्ष, अमरत्वाची अळंबी, कासव, क्रौंच पक्षी आणि हरीण. किंवा 'चार सज्जन' म्हणजे प्लमचा मोहोर, ऑर्किड, शेवंती आणि बांबू. बाण हे मारायचं हत्यार आणि त्याच्या घरावर दीर्घायुष्याची चित्रं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण जोसॉन काळात तिरंदाजी फक्त शिपायाची नव्हती. कन्फ्यूशियस परंपरेत ती सुशिक्षित माणसाच्या सहा विद्यांपैकी एक. नेम चुकला तर दोष वाऱ्यात नाही, स्वतःत शोधायचा, ही शिकवण मैदानावर आजही देतात. जोंगजो राजाबद्दल नोंद आहे की १७९२ मध्ये त्याने ५० पैकी ४९ बाण लक्ष्यावर मारले. शेवटचा एक त्याने मुद्दाम राखला असं मानलं जातं, सगळेच मारणं सभ्यपणाचं नव्हे म्हणून. असा तिरंदाज भाता घेऊन निघाला की भाता त्याची अभिरुची सांगायचा. लेखणीची पेटी आणि भाता एकाच माणसाच्या घरात आणि एकाच तऱ्हेच्या नक्षीचे.

दुसरा प्रकार कागदाचा. हो, कागदाचा. कोरियन कागद तुतीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीचा असतो आणि फार चिवट असतो. जुन्या वह्या-पुस्तकांचे कागद पट्ट्या कापून, पिळून त्यांच्या दोऱ्या करतात आणि टोपली विणावी तशी नळी विणतात. कधी कागदाचे थरावर थर चिकटवून नळी करतात. वरून लाखेचे हात. कागदाचा भाता वजनाला हलका आणि पाणी बाहेर ठेवणारा.

ही लाख म्हणजे आपली लाखेच्या बांगड्यांची लाख नव्हे. ती किड्याची, ही एका झाडाचा चीक. त्या झाडाला कोरियात 'ओत' म्हणतात आणि ते आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं आहे. बिब्बा अंगावर उतला की काय होतं ते तुमच्या घरातल्या आज्यांना विचारा! तसंच कच्च्या 'ओत'मुळे कातडीला पुरळ आणि भयंकर खाज येते. या लाखेचं आणखी एक वेगळेपण आहे, ती कोरड्या हवेत नीट वाळत नाही. घट्ट व्हायला तिला उबदार, दमट हवा लागते, म्हणून कारागीर तिच्यासाठी ओलसर कपाट किंवा खोली तयार करतात. बाणांना ओलीपासून वाचवणारं कवच ओलीतच पक्कं होतं.

याशिवाय पावलोनिया नावाच्या हलक्या लाकडाचे भाते आहेत, श्रीमंतांचे पाकट माशाच्या खरखरीत कातड्याने मढवलेले आहेत. धातूच्या कड्या, बिजागऱ्या, गोंड्यांची दोरी, हे सगळं धरलं तर एका भात्यात सुतार, नक्षीकार, लाखारी, लोहार आणि दोरकाम करणारा असे पाच जण दडलेले असतात. बऱ्याचदा ते सगळं एकाच माणसाला यावं लागतं.

मग १८९४ साल आलं. राज्यकारभाराच्या सुधारणांत लष्करी भरतीची जुनी परीक्षा रद्द झाली आणि तिच्याबरोबर सैन्यातलं धनुष्यही गेलं. बंदुका कधीच आल्या होत्या, त्यामुळे निर्णय चुकीचा होता असं कोण म्हणेल? पण हजारो तरुण ज्या परीक्षेसाठी धनुष्य घेत, बाण घेत, भाता घेत, ती बाजारपेठ एका फटक्यात संपली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस राजा गोजोंगने सोलच्या राजवाड्यात ह्वांगहाकजोंग नावाची तिरंदाजीची जागा बांधून घेतली, हत्यार म्हणून नाही तर खेळ आणि व्यायाम म्हणून धनुष्य जगावं यासाठी. जपानी राजवटीत, १९२२ मध्ये, ती इमारत राजवाड्यातून हलवून इनवांग डोंगराच्या पायथ्याशी नेली गेली. १९२९ मध्ये 'जोसॉनची तिरंदाजी' या अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं, त्यात तंत्र आणि साहित्य लिहून ठेवलं गेलं. पुढे युद्ध, फाळणी, गरिबी. या सगळ्यात भाता कोण विकत घेणार होतं?

दक्षिण कोरियाने १९६२ मध्ये वारसा जपण्याचा कायदा केला. त्यात नुसत्या वस्तू नाहीत, वस्तू करणारी माणसंही वारसा ठरतात: सरकार कारागिराला मान्यता आणि मानधन देतं, त्याने शिष्य तयार करायचे. धनुष्य आणि बाण बनवण्याच्या कलेला ही मान्यता १९७१ मध्ये मिळाली. भात्याला मिळाली १९८९ मध्ये, आणि ग्योंगजूचे किम दोंग-हाक हे तिचे पहिले मान्यताप्राप्त कारागीर. मधली अठरा वर्षं भाता रांगेत मागे. आणि प्रत्यक्ष बाण मारण्याच्या विद्येला राष्ट्रीय वारशाच्या यादीत जागा मिळाली ती २०२० मध्ये! क्रम उलटा वाटतो, पण त्याला तर्क आहे. बाण मारणारे क्लब देशभर होते, ते मरणार नव्हते. भाता करणारे बोटांवर मोजण्याइतके होते.

माझ्या धंद्यात एक प्रकार असतो, नॉलेज ट्रान्सफर. जुना माणूस नोकरी सोडतो, दोन आठवड्यांत सगळं लिहून देतो आणि नवा माणूस ते वाचून काम चालवतो, असा समज. बांबू तीन-चार वर्षं वाळवायचा असेल तर दोन आठवड्यांत काय लिहून देणार? शिष्याला आपण वाळवलेला पहिला बांबू तडकला की नाही हे कळायलाच काही वर्षं जातात.

आज त्या कलेपुढची अडचण वेगळी आहे. क्लबांत बहुतेक लोक फायबरग्लासचं धनुष्य आणि कार्बनचे बाण वापरतात, जे स्वस्त आहेत आणि पावसाला भीत नाहीत. ओलीची भीतीच गेली तर झाकणवाला भाता कशाला हवा? तरी एक दार उघडं राहिलं आहे: तिरंदाजीत पाचवा किंवा त्यावरचा दर्जा मिळवायचा असेल तर शिंगाचं धनुष्य आणि बांबूचे बाणच चालतात. म्हणजे जो चिकाटीने पुढे जातो, त्याच्या घरात पुन्हा सरस येतो, बांबू येतो, पावसाळ्याची काळजी येते. माझ्या मते अनुदानापेक्षा या एका नियमाने भात्याचं जास्त भलं केलं असेल.

मुंबईला जाता-येता सोलमध्ये थांबणं झालं, तर ह्वांगहाकजोंगला जरूर जा. ग्योंगबोकगुंग राजवाड्यापासून फार लांब नाही. वेळ असेल तर शहराबाहेर पाजूमध्ये धनुष्य-बाणांचं एक छोटं संग्रहालयही आहे. मैदानावर तिरंदाज कमरेला कापडी पट्टा बांधून उभे असतात. एका फेरीचे पाच बाण त्या पट्ट्यात खोचलेले असतात. बाण मारताना भाता कुणाच्याच पाठीवर दिसणार नाही. तो मागे, सावलीत, भिंतीला टेकून उभा असतो.